छापील वेगाची कैफियत

काठीची राजवाडी होळी ज्यांनी रात्रभर जागून पाहिली आहे, त्यांना एक गोष्ट निराळी सांगावी लागत नाही: मोरपिसांचे टोप घालून रात्रभर नाचणारे पहाटे होळी पेटेपर्यंत टिकतात, ते प्रत्येक पाऊल सर्व बळानिशी टाकल्यामुळे नव्हे, तर ढोल चढला की चढावयाचे आणि उतरला की श्वास घ्यावयाचा, हे त्यांच्या अंगवळणी पडलेले असते म्हणून. संगणकाच्या प्रोसेसरचेही असेच असते. अक्कलकुवा तालुक्यातील या गावी आज दाखल्याचा अर्ज असो वा शिष्यवृत्तीचा, तो संगणकावाचून पुढे सरकत नाही. याच नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे 29 सप्टेंबर 2010 रोजी देशातील पहिले आधार क्रमांक दिले गेले. अशा ठिकाणी खोक्यावर 2.4 गिगाहर्ट्झ छापलेला प्रोसेसर पडद्यावर 0.8 दाखवू लागला, की मालकाच्या मनात फसवणुकीचा संशय उभा राहावा, हे स्वाभाविकच होय. तो संशय बहुधा निराधार असतो, परंतु क्वचित खराही ठरतो. म्हणून या मामल्याची शहानिशा करणे अगत्याचे आहे.

गैरसमज 1 : छापील वेग सदैव दिसलाच पाहिजे, कमी दिसला तर यंत्र सदोष.

वस्तुस्थिती : एक गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला शंभर कोटी स्पंद. अर्जाचा नमुना पडद्यावर उघडा असून लिहिणारा जेव्हा वडिलांचे नाव आठवत बसलेला असतो, तेव्हा या कोट्यवधी स्पंदांना करावयास काम असे जवळजवळ नसतेच. म्हणून प्रोसेसर आपला वेग आणि त्याबरोबर व्होल्टेजही आपण होऊन उतरवितो. स्पंदांपायी खर्च होणारी वीज वेगाच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढत असल्यामुळे, दोन्ही केवळ वीस टक्क्यांनी उतरविली तरी हा खर्च जवळजवळ निम्म्यावर येतो. ही काटकसर दोष नव्हे, ते यंत्राचे शहाणपण आहे, आणि काम येताच वेग निमिषार्धात पूर्ववत चढतो.

गैरसमज 2 : जाहिरातीतला मोठा आकडा हीच कायमची हमी.

वस्तुस्थिती : आकडे दोन असतात. पहिला पायाभूत वेग, जो नेमून दिलेल्या वीजमर्यादेत आणि पुरेशा थंडाव्यात जड काम चालू असताना टिकावा असे उत्पादकाने मानलेले असते. दुसरा टर्बो वा बूस्ट, ज्याच्या आधी बहुधा ‘पर्यंत’ या अर्थाचा शब्द बारीक अक्षरांत असतो. इंटेलने 2008 साली आपल्या कोअर आय-सेव्हन प्रोसेसरांत टर्बो आणला, तेव्हापासून ही वहिवाट रूढ झाली. हा वरचा वेग प्रोसेसरच्या एकदोन गाभ्यांना (कोअरना), थोडा काळ, उष्णता आणि वीज परवानगी देईल तितकाच मिळतो. सर्व गाभे कामाला लागले की तो खाली येतो. होळीच्या नाचातली ऐन भरातली उडी रात्रभर कोणी मारीत नाही, तसेच हे.

गैरसमज 3 : तापून मंदावला म्हणजे प्रोसेसर जळाला.

वस्तुस्थिती : अनेक प्रोसेसर सुमारे शंभर अंश सेल्सियसला पोहोचले की स्वसंरक्षणार्थ वेग कमी करतात, तो मंदपणा हाच जळण्यापासून बचाव होय. खोलीतील हवाच चाळीस अंशांची असेल, पंख्याच्या जाळीत धूळ साचलेली असेल, लॅपटॉप गोधडीवर ठेवलेला असेल किंवा प्रोसेसरवरील थर्मल पेस्ट सुकलेली असेल, तर ही मर्यादा लवकर गाठली जाते. सुदैवाने यांतील बहुतेक कारणे थोड्या निगेने दूर होतात.

गैरसमज 4 : गावातले व्होल्टेज उतरले की प्रोसेसर आपोआप मंदावतो.

वस्तुस्थिती : लॅपटॉपच्या चार्जरवर बहुधा 100 ते 240 व्होल्ट असे छापलेले असते, या मर्यादेत वीज कमीअधिक झाली तरी तो आत ठराविक दाबाचाच प्रवाह पाठवितो. खरी गोम निराळीच असते. वीज गेली की यंत्र बॅटरीवर येते, आणि बॅटरी वाचविण्यासाठी वेगावर मर्यादा पडते. दुसरे म्हणजे, 65 वॅटच्या जागी 45 वॅटचा किंवा यंत्राला न ओळखता येणारा चार्जर जोडल्यास काही लॅपटॉप छापील वेगाच्या फार खाली अडकून पडतात. मूळ चार्जर जोडताच असा रुग्ण बरा होतो.

गैरसमज 5 : गिगाहर्ट्झ कमी म्हणजे काम कमी.

वस्तुस्थिती : काम हे स्पंदांची संख्या आणि प्रत्येक स्पंदात उरकणाऱ्या आज्ञा यांच्या गुणाकाराने ठरते. 2004 सालचा 3.8 गिगाहर्ट्झचा पेंटियम फोर आजच्या याहून कमी वेगाच्या साध्या लॅपटॉपपुढे टिकत नाही. शिवाय कमाल क्षमता आणि प्रत्यक्ष कार्य यांतले अंतर थोरामोठ्यांनाही चुकलेले नाही: पुण्याच्या सी-डॅकमधील परम सिद्धी-एआय हा महासंगणक नोव्हेंबर 2020 मध्ये जगातील सर्वांत वेगवान पाचशे महासंगणकांच्या यादीत त्रेसष्टावा आला, तेव्हा त्याची कागदोपत्री कमाल क्षमता सुमारे 5.27 पेटाफ्लॉप्स आणि चाचणीत मोजलेली सुमारे 4.62 होती. ते माप गणनेचे, स्पंदांचे नव्हे. तरी तात्पर्य तेच. आणि काठीसारख्या डोंगराळ गावी अर्ज रखडतो, तेव्हा प्रोसेसर निर्दोष असून नेटवर्क किंवा जुनी हार्ड डिस्क अपराधी असण्याचा संभव अधिक, हेही ध्यानात ठेवावे.

तेव्हा वाचकांना विनंती इतकीच, की यंत्र स्वस्थ बसलेले असताना दिसणाऱ्या आकड्यावरून निवाडा करू नये. मूळ चार्जर जोडावा, वीजबचतीची योजना बदलावी, जाळीतली धूळ झाडावी, मग एखादे जड काम लावून टास्क मॅनेजरमध्ये वेग पाहावा. थंड जागीही, भर कामात, वेग पायाभूत आकड्याच्या बराच खाली राहात असेल, तरच हमीपत्र घेऊन दुरुस्तीकडे जावे. कारण तेव्हा, आणि बहुतांशी तेव्हाच, तक्रारीला आधार असतो.