विश्लेषण : पोकेमॉन पत्त्यांचा डाव खेळायचा कसा?

पेण, रोह्यात गणपतीच्या जागरणाला झब्बू, मेंढीकोटचे डाव नवे नाहीत. याच घरांतल्या मुलांच्या दप्तरात आता पोकेमॉनचे पत्ते सापडतात. मात्र अनेकदा ते नुसते जमवले जातात, खेळले जात नाहीत. कारण पाळीचा क्रमच ठाऊक नसतो. तो कळला, तर हा डाव आजोबांनाही जमेल.

मांडणी कशी असते?

जपानमध्ये १९९६ साली आलेल्या या खेळात प्रत्येकाचा स्वतःचा ६० पत्त्यांचा गठ्ठा असतो. पिसून सात पत्ते हातात घ्यायचे. त्यातला एक ‘बेसिक’ पोकेमॉन लढायला पुढे ठेवायचा. आणखी असतील तर पाचपर्यंत मागच्या बाकावर. सहा पत्ते बक्षीस म्हणून पालथे ठेवायचे. समोरच्याचा पोकेमॉन बाद केला की आपल्या बक्षिसांतून पत्ता उचलायचा. सहाही आधी उचलणारा जिंकतो.

पाळीचा क्रम काय?

टप्पे तीन. आधी गठ्ठ्यातून एक पान ओढायचे. ओढायला पानच उरले नसेल तर डाव हरला. मग तयारी : एनर्जी लावणे, बाकावर नवा पोकेमॉन आणणे, ट्रेनर पत्ते वापरणे. ही कामे कोणत्याही क्रमाने चालतात. शेवटी हल्ला. हल्ला झाला की पाळी संपली. रमीत पान टाकल्यावर ‘थांब, जुळत होतं’ म्हणून चालत नाही, तसेच हे. नवशिके आधी हल्ला करतात आणि एनर्जी नंतर आठवते.

वाद कुठे होतात?

‘एकदाच’ या नियमावरून. एका पाळीत हातातली एनर्जी एकच लावता येते, सपोर्टर पत्ता एकच, माघारही एकदाच. ‘आयटम’ मात्र कितीही. पोकेमॉन ज्या पाळीत उतरवला, त्याच पाळीत त्याला पुढच्या रूपात नेता येत नाही. सुरुवात करणाऱ्याला पहिल्या पाळीत हल्ला करता येत नाही आणि सपोर्टरही वापरता येत नाही. या सवलती-बंधनांना अपवाद एकच : पत्त्यावर तसे छापलेले असेल तर पत्त्याचे ऐकायचे.

पालकांनी काय करावे?

सुट्या पाकिटात काय निघेल, हे सांगता येत नाही. त्यातून खेळण्याजोगा गठ्ठा जुळेलच असे नाही. खेळायचे असेल तर दोन तयार गठ्ठे घेणे बरे. पहिले काही डाव पत्ते उघडे ठेवून खेळा आणि प्रत्येक पाळीला मोठ्याने म्हणा : पान, तयारी, हल्ला.