बांधावरची केबिन

पहाटे ५.१५

रिसालीतून निघालो तेव्हा सहाच्या पाळीचे लोक मफलर-माकडटोप्या बांधून भिलाईच्या पोलाद कारखान्याकडे चालले होते. मी उलट्या दिशेला, उतईकडे. थंडीसाठी केबिन बनवायची तर थंडी तिच्या सगळ्यात वाईट वेळी, तिच्या जागेवर जाऊन मोजायला हवी, आणि ती वेळ म्हणजे सूर्योदयाच्या आधीचा तास. नंदिनी रोडवरच्या माझ्या कारखान्यात बसून दुपारी चहा पिताना पॅनेलची जाडी ठरवणारे लोक आहेत. मला ते पटत नाही.

मरोदा तलाव मागे पडला. पोलाद कारखान्याला पाणी पुरवणारा हा तलाव डिसेंबर-जानेवारीत पहाटे धुक्याने झाकलेला असतो. पुढे शेतं लागली आणि हँडलवरची बोटं बधिर व्हायला लागली. भिलाई म्हटलं की बाहेरच्यांना मे महिन्यातला ४४-४५ अंशांचा उन्हाळा आठवतो. इथल्या उघड्या माळावर जानेवारीतली रात्र नऊ-दहा अंशांपर्यंत उतरते, हे तलाव राखणाऱ्याला विचारावं.

सकाळी ६.००

उतईकडच्या या गावाचा तलाव एका मत्स्य सहकारी समितीकडे ठेक्याने आहे. रोहू, कतला, मिरगल विक्रीच्या वजनाला आले आहेत आणि रात्री जाळं टाकून चोरून नेण्याचा हाच हंगाम. म्हणून बांधावर राखणदार. समितीकडे असे तीन-चार तलाव आहेत. ज्या तलावातला मासा तयार, त्या तलावावर राखण. तेव्हा निवारा हलवता यायला हवा, आणि थंडी-ऊन दोन्ही अडवणारा हवा. एवढ्या दोन अटी घेऊन समितीचे लोक माझ्याकडे आले होते.

सध्या तिथे चार बल्ल्यांवर पत्र्याची खोली उभी आहे. दार ओढून घेतलेलं. मी राखणदार काकांना हाक मारली, "कका, उठ गे हव का?" म्हणजे, काका, उठलात का? आतून खोकल्याचा आवाज आला.

आत शिरताच आधी नाकाला जाणवली ती गोरसी. मातीच्या पसरट भांड्यात छेना म्हणजे गोवऱ्या आणि लाकडी कोळसा, वर राखेची साय, खाली लाल निखारा. खाटेपासून हातभर अंतरावर. पत्र्याच्या फटी जुन्या साड्यांच्या चिंध्यांनी बुजवलेल्या. छताकडे बॅटरी मारली तर पत्र्याच्या आतल्या बाजूला थेंबांची रांगच रांग, प्रत्येक नागमोडीच्या खालच्या कडेवर. एक थेंब माझ्या मानेवर पडला. काकांचं घोंगडं खांद्यापाशी ओलं होतं.

तारेच्या टोकाचा तापमापक चिकटपट्टीने पत्र्याला लावला आणि थांबलो. बाहेरची हवा साडेनऊ, खाटेजवळची जेमतेम अकरा, आणि पत्रा आठच्याही खाली. पत्रा हवेपेक्षा थंड कसा, असा प्रश्न काकांनी विचारला नाही, पण वाचकाला पडेल. निरभ्र रात्री छप्पर आपली उष्णता सरळ आकाशाकडे फेकत राहतं आणि भोवतालच्या हवेच्याही खाली उतरतं. झोपलेल्या माणसाच्या श्वासातली वाफ त्या थंड पत्र्याला लागली की पाणी होऊन त्याच्याच अंगावर पडते. पत्र्याच्या खोलीत माणूस स्वतःच्याच श्वासाने भिजतो.

"गोरसी बिना रात कइसे कटही?" काका म्हणाले. गोरसीशिवाय रात्र कशी निघणार, हा प्रश्न खरा आहे. त्याला उत्तर न देता गोरसी विझवायला सांगणं हा अन्याय होईल. मी काकांना एवढंच विचारलं, की पहाटे डोकं दुखतं का, मळमळतं का. म्हणाले, रोजच. बाहेर आलं की बरं वाटतं. थंडीने होत असेल.

थंडीने होत नाही. मी दार सताड उघडलं आणि गोरसी उचलून बांधावर ठेवली.

सकाळी ९.००

कारखान्यात आल्यावर तीन तुकडे टेबलावर मांडले. असे तुकडे मी कायम ठेवतो, कारण गिऱ्हाईक किंमत ऐकून निवड करतं आणि हातात धरून पाहिलं की विचार बदलतं.

पहिला थर्माकोलचा. स्वस्त, हलका, भिलाईत कुठेही मिळतो. आगीजवळ मात्र वितळतो, गळतो, पेटतो. दुसरा रॉकवूलचा, म्हणजे दगड वितळवून काढलेल्या तंतूंचा. तो जळत नाही, हा फार मोठा गुण. पण वजनदार, आणि कडेची शिवण उघडी राहिली तर पाणी धरतो. ओल्या झालेल्या रॉकवूलमध्ये थंडी अडवण्याची ताकद उरत नाही, आणि तलावाचा बांध म्हणजे बारा महिने ओल. तिसरा पफचा, दोन रंगीत पत्र्यांच्या मध्ये भरलेला पॉलियुरेथेन फोम. उष्णता वाहून नेण्याचा त्याचा आकडा ०.०२३च्या आसपास, थर्माकोलचा ०.०३६च्या आसपास. म्हणजे ५० मिलिमीटर पफ जे काम करतो त्यासाठी थर्माकोल जवळजवळ ८० मिलिमीटर लागेल. साध्या पोलादाचा हाच आकडा ५०च्या घरात आहे. त्यामुळे केवळ पत्र्याची जाडी वाढवून कोणाला ऊब मिळत नाही.

पफही जळतो आणि त्याचा धूर विषारी असतो. म्हणून पफची केबिन देताना माझी अट एकच : आत विस्तव नाही.

आठ फूट बाय सहा फुटांची, साडेसात फूट उंच केबिन. भिंती आणि छत मिळून साधारण २४ चौरस मीटर पॅनेल, दर चौरस मीटरला दहा किलो धरले तर २४० किलो. खालची चॅनेलची घसरपट्टी, चौकट, जमीन, दार, सगळं धरून अर्धा टन. ट्रॅक्टरला बांधून बांधापर्यंत ओढता येते आणि हायड्रा क्रेनने ट्रॉलीवर चढवता येते. याहून मोठी केली की 'हलवता येणारी' हे नुसतं नाव राहतं, आणि ती एका जागी गंजत पडते. राखणदार एक, खाट एक, टॉर्च-काठी-डबा ठेवायला कोपरा एक. लहान खोली लवकर उबते. मोठेपणाचा मोह इथे सोडावा.

सकाळी ११.३०

समितीचे तिघे आले. पैशाची बोलणी अर्ध्या तासात आटोपली. अडलं ते भोकांवर.

मी नकाशात दोन झरोके दाखवले होते. एक दाराजवळ, जमिनीपासून वीतभर वर. दुसरा समोरच्या भिंतीत, छताखाली. प्रत्येकी दहा सेंटिमीटर बाय दहा, बाहेरून पावसाची झडप, आतून जाळी, आणि बंद करायची सोय मुद्दाम नाही. समितीचे अध्यक्ष म्हणाले, एवढे पैसे थंडी अडवायला द्यायचे आणि थंडी आत यायला भोक ठेवायचं, हे कसं?

त्यांचा प्रश्न रास्त होता, म्हणून कागद पुढे ओढला आणि हिशेब मांडला. निवांत बसलेल्या माणसाच्या अंगातून सुमारे १०० वॅट उष्णता सतत बाहेर पडते. झोपेत थोडी कमी. पत्र्याच्या खोलीत ती क्षणात निघून जाते; माणसाच्या उबेने आतली हवा एक अंशही वाढत नाही. ५० मिलिमीटर पफच्या केबिनमध्ये, खाली फोम घातलेली जमीन धरून, आणि दोन्ही झरोके उघडे ठेवून तासाला एकदा आतली सगळी हवा बदलते असं मानलं, तरी त्याच १०० वॅटवर आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा पाच अंशांच्या आसपास वर राहतं. बाहेर नऊ तर आत चौदा. कोरडं घोंगडं आणि चौदा अंश, यात रात्र निघते. झरोके बुजवून वर आणखी एखादा अंश मिळेल. तेवढ्यासाठी माणूस कोंडायचा का?

तिघांपैकी एक जण ब्लास्ट फर्नेसवरून निवृत्त झालेले. तोवर गप्प होते. ते म्हणाले, "सीओ." आणि खिशाला हात लावला, जिथे नोकरीत गॅस मोजायचं यंत्र लावलेलं असायचं.

भिलाईत हे दोन अक्षरांचं नाव समजावून सांगावं लागत नाही. भट्टीतून निघणाऱ्या वायूत साधारण पाचवा हिस्सा कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपट अधिक घट्ट चिकटतो. जून २०१४मध्ये पोलाद कारखान्याच्या पंपगृहात हा वायू शिरला आणि सहा माणसं गेली, त्यात वरिष्ठ अधिकारीही होते. ज्यांना गॅस म्हणजे काय हे सगळ्यात चांगलं ठाऊक होतं, त्यांनाही त्याने सोडलं नाही. आणि तोच वायू राखेखाली धुमसणाऱ्या गोरसीतून निघतो. हवा कमी मिळाली की अधिकच निघतो. धूर नसलेला निखारा 'स्वच्छ' वाटतो, लोक त्याला उशाशी घेतात. इथेच घात होतो.

निवृत्त गृहस्थांनी अध्यक्षांकडे पाहिलं. म्हणाले, झरोके राहतील. मग कुणी काही बोललं नाही.

आणखी एक ठरलं. केबिनच्या दाराबाहेर, वाऱ्याच्या आडोशाला, तीन बाजूंनी विटा आणि वर पत्रा अशी जागा. गोरसी तिथे. काका रात्री उठून तलावाला फेरी मारतात, आल्यावर भुर्री म्हणजे शेकोटी तापतील, हात शेकतील आणि आत जाऊन निजतील. विस्तव त्यांचा आहे, तो काढून घ्यायचा नाही. त्याची जागा बदलायची.

दुपारी ३.००

जेवण उरकून वेल्डिंगकडे. घसरपट्टीच्या चॅनेलची टोकं वर वाकवली, नाहीतर ओढताना बांधाची माती खणत जातात. जमीन मातीपासून फूटभर वर घेतली : ओल लागत नाही, आणि पावसाळ्यात मण्यार आत शिरायची भीती कमी होते. चारही कोपऱ्यांना कड्या. एप्रिल-मेच्या अंधडात रिकामी केबिन वाऱ्याने कलंडू नये म्हणून जमिनीत पहारी ठोकून तिला ताण द्यायचे.

चौकटीचा पाइप आतून बाहेर कुठेही आरपार जाऊ द्यायचा नाही, हे कारागिरांना दरवेळी सांगावं लागतं. पोलादाचा एक तुकडा जरी दोन्ही पत्र्यांना जोडून राहिला तरी थंडी त्या वाटेने आत येते आणि नेमका तिथेच थेंब धरतो. जोडाला रबरी पट्टी, स्क्रूखाली वॉशर. छप्पर पांढरं, त्यावर वीतभर अंतर सोडून दुसरा पत्रा, म्हणजे उन्हाचा मारा वरच्यावर झेलला जातो आणि मधून वारा खेळतो. जे पॅनेल जानेवारीत ऊब राखतं तेच मे महिन्यात झळ अडवतं. निवड बाराही महिन्यांची असते.

रात्री ८.००

भाच्याचा फोन. तो रिसालीतच वाढला, आता मिनेसोटात नोकरीला. त्याच्याकडे शनिवारची सकाळ, साडेआठ वाजलेले. "मामा, तंबू घ्यायला निघालोय. बर्फावर मासे धरायचा. कुठला घेऊ?"

तिकडे तळी हिवाळ्यात गोठतात. लोक बर्फाला गिरमिटाने भोक पाडून गळ टाकून बसतात, आणि वरून निवारा घेतात. बाजारात तीन तऱ्हा आहेत असं तो म्हणाला : एकेरी कापडाचा स्वस्त तंबू, छत्रीसारखा फटकन उघडणारा दुलईच्या कापडाचा, आणि घसरगाडीवर बसवलेला, मागून पुढे पांघरायचा. मी बर्फावर कधी उभा राहिलो नाही. पण त्याचे प्रश्न ऐकत गेलो तसे ते सकाळच्या बांधावरचेच निघाले. किती जण बसणार आणि किती भोकं पाडणार? दोघे. मग चौघांचा कशाला? ओढणार कोण? तोच, पायी. मग वजन आधी बघ. कापड एकेरी की मध्ये भराव असलेलं? एकेरी कापडावर श्वासाची वाफ गोठते, हीटर लावला की वितळून अंगावर टपकते. दुलईच्या कापडाचा खरा फायदा जितका उबेचा, तितकाच कोरडेपणाचा. म्हणून दुलईचा. रंग तिकडे गडद चालेल, सूर्य तिथे पाहुणा आहे. वारा सपाट बर्फावरून येतो, म्हणून बर्फात फिरवून बसवायचे खिळे आणि दोर तंबूसोबतच घे.

"आणि मामा, खिडक्या नीट बंद केल्या की प्रोपेनच्या हीटरने आत टी-शर्टवर बसता येतं म्हणे."

मी त्याला थांबवलं आणि पहाटेचं सांगितलं. काकांची डोकेदुखी, बुजवलेल्या फटी, सगळं. बर्फावरच्या अशा निवाऱ्यांमध्ये हीटरच्या वायूने माणसं दगावतात, हे त्याच्याकडचेही लोक जाणतात. वरचे झरोके हीटर चालू असेपर्यंत उघडे, आणि बॅटरीवरचं सीओचं अलार्म तंबूच्या आधी विकत घ्यायचं. बर्फाबद्दल त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं : चालत जायचं तर किमान चार इंच घट्ट, नितळ बर्फ, असं तिथलं सरकारी खातं सांगतं. अलार्म घेईन म्हणाला. घेतल्यावर फोटो पाठव, असं मी बजावलं.

रात्री १०.००

केबिन तलावावर जायला अजून आठवडा आहे. तोवर काकांचं काय, म्हणून समितीच्या अध्यक्षांना फोन केला. त्यांनी आज रात्रीपासून गोरसी बाहेर ठेवायला सांगितलं आहे, आणि घरून दोन कोरडी घोंगडी व छताखाली बांधायला ताडपत्री पाठवली आहे.

तलावावरचा राखणदार दूर असतो, पण तसाच एक माणूस आपल्या सोसायटीच्या फाटकावर, बांधकामावर, एटीएमच्या दारात पत्र्याच्या किंवा फायबरच्या केबिनमध्ये बसलेला असतो. हे वाचून झाल्यावर कृपया एकदा त्याच्या केबिनपर्यंत जा. आत शेगडी असेल तर ती बाहेर काढायला लावा, झरोका बुजवलेला असेल तर मोकळा करा, आणि त्याला एक जाड, कोरडं पांघरूण द्या. पांघरूण दिल्याशिवाय शेगडी काढू नका.