अमाहोरोकडे जाणारा रस्ता

रवांडाला जाणारा भारतीय पर्यटक बहुधा गोरिला पाहायला जातो. आम्ही वकिलांच्या एका बैठकीसाठी किगालीला गेलो होतो. शेवटच्या दिवशी सवड मिळाली तेव्हा मोटारसायकल-टॅक्सीवाल्याला म्हटले, अमाहोरो स्टेडियमला घेऊन चला. आज सामना नाही, तो म्हणाला. आम्हाला सामना पाहायचाच नव्हता.

अमाहोरो म्हणजे शांतता. चीनने १९८० च्या दशकात बांधून दिलेले हे राष्ट्रीय स्टेडियम आता ओळखू येऊ नये इतके बदलले आहे. पूर्वी २५ हजार प्रेक्षक बसत, आता ४५ हजार बसतात. वर नवे छत आहे. १ जुलै २०२४ रोजी राष्ट्राध्यक्ष पॉल कागामे यांनी त्याचे पुन्हा उद्घाटन केले. फाटक बंद होते, म्हणून आम्ही बाहेरूनच फेरी मारली. खेळातले आम्हाला फारसे कळत नाही, हे कबूल करतो.

वाचकहो, एप्रिल १९९४ मध्ये या स्टेडियममध्ये खेळ नव्हता, संसार होता. युनोच्या शांतिसेनेचे ठाणे इथे होते म्हणून सुमारे १२ हजार माणसे जीव मुठीत धरून आत आली. बहुतेक तुत्सी. पायऱ्यांवर, पायऱ्यांखालच्या अंधारात, मैदानात, जागा मिळेल तिथे. पाण्याचे हाल, अन्नाचे हाल, घाणीचे राज्य. वरून तोफगोळेही पडले, माणसे मेली. तरी बाहेरच्यापेक्षा आत बरे होते. बाहेर नाक्यानाक्यावर ओळखपत्र तपासले जात होते. बेल्जियन राजवटीने १९३० च्या दशकात प्रत्येकाच्या ओळखपत्रावर हुतू, तुत्सी किंवा त्वा असा जन्माचा शिक्का मारला. स्वतंत्र रवांडाच्या सरकारांनी तो जपून ठेवला. साठ वर्षांनी तोच शिक्का वाचून कोणाला कापायचे आणि कोणाला सोडायचे हे ठरू लागले. जन्मावरून माणसाची किंमत करणारी व्यवस्था काय असते, हे या पानाच्या वाचकाला आम्ही सांगायला नको.

स्टेडियममधले बहुसंख्य वाचले. शांतिसैनिक मूठभर होते, पण ते थांबले. पुढे हा भाग आरपीएफच्या ताब्यात आला.

आता दुसरी जागा. इथून काही किलोमीटरवर, किकुकिरो भागात एक तांत्रिक शाळा होती. तिथे युनोच्याच निळ्या टोपीतले बेल्जियन सैनिक होते, म्हणून सुमारे दोन हजार माणसे तिथे आश्रयाला आली. गोऱ्या परदेशी नागरिकांना आधी सुखरूप हलवण्यात आले. ११ एप्रिलला सैनिकही ट्रकात बसून निघून गेले. मारेकरी शाळेभोवती वाट पाहत आहेत, हे त्यांना दिसत होते. सैनिक गेल्यावर लोकांनी एकच आशा धरली, अमाहोरोला पोहोचायचे. लेकरेबाळे घेऊन ते या रस्त्याने निघाले. वाटेत लष्कराने त्यांना अडवले, मागे वळवले आणि न्यान्झाच्या टेकडीवर नेऊन कापून काढले.

आम्ही टॅक्सीवाल्याला म्हटले, आता न्यान्झाला. त्याने मागे वळून आमच्याकडे पाहिले, बोलला काही नाही. गाडीवर ही वाट काही मिनिटांची आहे. टेकडीवर आता स्मारक आहे, थडगी आहेत. तो पोरगा टोपी काढून बाहेरच उभा राहिला.

आमच्यातला वकील तिथेही गप्प बसेना. हे कोणी केले, याची उत्तरे न्यायालयांनी दिली आहेत. पण सोडून गेले त्यांचे काय? शाळेतल्या कत्तलीनंतर दहा दिवसांनी, २१ एप्रिलला, सुरक्षा परिषदेने ठराव ९१२ एकमताने मंजूर करून शांतिसेना २७० माणसांवर आणली. त्या वेळी परिषदेचा सदस्य कोण होता? खुद्द रवांडा! ज्या सरकारची माणसे कत्तल करत होती, त्याचा प्रतिनिधी मतदानाला बसला होता. आरोपीच न्यायपीठावर बसल्याचा असा दाखला आम्हाला दुसरा आठवत नाही.

शाळेतल्या मृतांचे नातेवाईक ब्रुसेल्सला कोर्टात गेले. २०१० मध्ये न्यायालयाने बेल्जियमला जबाबदार धरले. २०१८ मध्ये अपिलात निकाल फिरला: सैनिक युनोच्या अखत्यारीत होते, सबब बेल्जियमवर जबाबदारी नाही. आणि युनोवर दावा लावायचा, तर तिला कायद्याचे संरक्षण आहे! कायद्याच्या भाषेत त्या दुपारी शाळेच्या फाटकातून कोणीच निघून गेले नाही.

आमच्या वकील बंधुभगिनींनी हे दोन्ही निकाल मिळवून वाचावेत. आपल्याकडे अॅट्रॉसिटी कायद्याचे कलम ४ आहे. दलित-आदिवासी नसलेल्या लोकसेवकाने जाणूनबुजून कर्तव्यात कसूर केली तर सहा महिने ते एक वर्ष कैद, असे ते सांगते. वस्ती जळत असताना जीपमध्ये बसून राहिलेल्या फौजदारावर ते कलम लावून घ्यायला किती खेटे घालावे लागतात, हे तुम्हाला ठाऊक आहे.