पॉलिमरचे गणित: समीकरणांपासून मशीन लर्निंगपर्यंत

पोलादाची पट्टी ठरावीक भाराखाली किती वाकेल, हे साध्या सूत्राने काढता येते. पॉलिमरचे तसे नाही. कोल्हापूर परिसरातल्या उसाच्या फडात अंथरलेली ठिबकची पॉलिथिलीन नळी उन्हात मऊ पडते. पॉलिथिलीन सतत दाबाखाली राहिले तर हळूहळू ताणले जाते आणि दाब काढल्यावर लगेच पूर्ववत होत नाही. त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्या एकमेकींत गुंतलेल्या असतात. भार पडला की त्या सरकतात. किती वेगाने, हे तापमानावर ठरते. म्हणून पॉलिमरच्या गणितात बळाच्या जोडीला काळ आणि तापमानही धरावे लागते.

पॉलिमरवरचे हे संशोधन महाराष्ट्रात रुजवण्यात रघुनाथ माशेलकर यांचा मोठा वाटा आहे. १९४३ मध्ये गोव्यातील माशेल येथे जन्मलेल्या माशेलकरांनी १९६९ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागातून (यूडीसीटी) पीएच.डी. मिळवली. इंग्लंडमधील सॅलफर्ड विद्यापीठात काम करून १९७६ मध्ये ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आले आणि पुढे तिचे संचालक झाले. पाणी शोषून फुगणारी आणि ठरावीक तापमानाला एकदम आकसणारी जेल हा त्यांचा एक विषय. आशिष लेले यांच्यासह त्यांनी या जेलच्या सिद्धांतात हायड्रोजन बंधांचा हिशेब आणला. लेले २०२१ मध्ये त्याच प्रयोगशाळेचे संचालक झाले.

रेणूंच्या पातळीवरून वस्तूच्या पातळीवर आले की गणित संगणक करतो. फायनाइट एलिमेंट पद्धतीत वस्तूचे हजारो लहान तुकडे कल्पून प्रत्येकावरचा ताण काढला जातो. त्यासाठी पदार्थ ताणाला कसा प्रतिसाद देतो, याचे सूत्र आधी हाती असावे लागते. रबरासाठी रे ऑग्डेन यांनी १९७२ मध्ये दिलेले सूत्र आजही वापरात आहे. त्यातले स्थिरांक मात्र नमुने ताणूनच मिळतात.

इथे मशीन लर्निंग उपयोगी पडते. न्यूरल नेटवर्क नावाचे मशीन लर्निंगचे प्रारूप चाचण्यांच्या आकड्यांवरून ताण आणि विरूपण यांचा संबंध थेट शिकते. पण निव्वळ आकड्यांवर शिकलेले नेटवर्क अनोळखी भाराखाली ऊर्जा शून्यातून निर्माण होते असेही उत्तर देऊ शकते. म्हणून निसर्गनियमांची अट शिकवण्यातच घातली जाते. जॉर्ज कार्नियाडाकिस आणि सहकाऱ्यांच्या २०१९ च्या शोधनिबंधानंतर अशा पद्धतींचा मोठा प्रसार झाला.

रासायनिक रचनेवरून नव्या पॉलिमरचे गुणधर्म वर्तवणे हा दुसरा उपयोग. त्यात अडचण माहितीची आहे: साखळीची लांबी आणि पदार्थ कसा थंड केला, यांवर गुणधर्म बदलतात, आणि या नोंदी अनेकदा अपुऱ्या असतात. त्यामुळे संगणक हजारो पर्यायांतून मोजके निवडून देतो. त्यांची अंतिम परीक्षा प्रयोगशाळेतल्या ताणयंत्रावरच होते.