कल्याणचा जादूचा कंदील

एक कोडं घालू? सिनेमा अजून आपल्या देशात आलेलाच नाही. टीव्ही नाही, मोबाइल नाही. आणि तरीही अंधारात, पांढऱ्या पडद्यावर रंगीत चित्रं चक्क हलताहेत! कसं बरं?

ही करामत झाली आपल्या कल्याणात! १८९२च्या सुमारास महादेव गोपाळ पटवर्धन आणि त्यांच्या मुलांनी एक खेळ सुरू केला. नाव ऐक हं: ‘शांबरिक खरोलिका’! एका दमात तीनदा म्हणून बघ. अडखळली ना जीभ?

त्यांच्याकडे होता मॅजिक लँटर्न, म्हणजे जादूचा कंदील. आत दिवा, दिव्यापुढे काच, काचेपुढे भिंग. बस्स! काचेवर हाताने रंगवलेली चित्रं असायची, रामायण-महाभारतातली. दिव्याचा उजेड रंगीत काचेतून पार व्हायचा, भिंगातून बाहेर पडायचा आणि थेट पडद्यावर! इवलंसं चित्र तिथे भलंमोठं दिसायचं.

आता ओळख पाहू, कंदिलात काच कशी घालायची? उलटी! रामाचं डोकं खाली, पाय वर!

असं का? मैदानाचं अरुंद फाटक आठव. डाव्या कोपऱ्यातून एक मूल तिरकं धावत आलं, उजव्या कोपऱ्यातून दुसरं. दोघं फाटकातून सरळ रेषेत पुढे गेली. आता डावीकडचं कुठे पोचलं? उजवीकडे! भिंगापाशी उजेडाचंही असंच होतं. वरून आलेला खाली जातो, खालून आलेला वर. म्हणून काच आधीच उलटी घालायची, म्हणजे पडद्यावर राम सुलटा!

आणि चित्रं हलायची कशी? एका काचेवर हात खाली. दुसरीवर जरा वर. तिसरीवर आणखी वर. झटपट बदलली की आपल्याला वाटतं, हात हलला! खरं तर एकही चित्र हललेलं नसतं.

मला सगळ्यात नवल वाटतं ते रंगवणाऱ्यांचं. काचेवर ब्रश केसभर घसरला, तर पडद्यावर नाक केवढं वाकडं दिसेल! आणि खरा सिनेमा आपल्याकडे कधी आला? मुंबईत वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंचा सिनेमा पहिल्यांदा दाखवला गेला ७ जुलै १८९६ला. म्हणजे कल्याणची चित्रं त्याच्याही आधी हलत होती!

तुलाही असा खेळ करायचाय? पारदर्शक प्लॅस्टिकवर मार्करने छोटं चित्र काढ. मागे टॉर्च धर, पुढे भिंग. खोलीत अंधार कर आणि चित्र भिंतीवर स्पष्ट उमटेपर्यंत भिंग हळूहळू पुढेमागे सरकव. पुसट दिसलं तर भिंतीच्या आणखी जवळ जा. गोष्ट मात्र तुझी स्वतःची हवी! आणि हो, भिंगातून सूर्याकडे कध्धीच बघायचं नाही. डोळ्यांना मोठी इजा होते.