दिवाणखान्यातली गिटार

‘‘आई, तुला गिटार सोडायची गरज नाहीये. गिटार बदलायची गरज आहे,’’ लेक म्हणाली, तेव्हा मला जरा रागच आला. उजवा खांदा वर्षभर धरला होता. फिजिओथेरपी झाली, शेक झाले, तेलं झाली. डॉक्टरांनी शेवटी विचारलं, ‘‘दिवसभर हात उचलून असं करता तरी काय?’’ मी चाचरत म्हटलं, ‘‘गिटार वाजवते.’’ एकसष्टाव्या वर्षी हे सांगताना उगीचच ओशाळल्यासारखं होतं.

तशी मी उशिरा शिकलेली. आमच्या लहानपणी गिटार म्हटलं की मांडीवर आडवी ठेवून वाजवायची हवाईयन. उभी धरून वाजवायची ती ‘स्पॅनिश’, आणि ती मुलांनी वाजवायची, असा एक अलिखित नियम. मुलं मोठी झाली, घर जरा रिकामं झालं, तेव्हा पंचेचाळिसाव्या वर्षी मी क्लास लावला. दुकानदाराने दिली ती गिटार घेतली. चांगली मोठी, घुमणारी. ती कुशीत घेतली की उजवा हात तिच्या पोटावरून पलीकडे न्यायला खांदा वर उचलावा लागायचा. सोळा वर्षं उचलला. मग त्याने संप केला.

२०२३च्या मे महिन्यात लेकीकडे मिशिगनला गेले, तेव्हा ती मला तिच्या गावातल्या एका जुन्या वाद्यांच्या दुकानात घेऊन गेली. भिंतीवर दोन गिटारी शेजारी शेजारी टांगलेल्या. दोन्ही माझ्या गिटारीपेक्षा चांगल्या लहान. मला वाटलं, शाळेतल्या मुलांच्या असाव्यात. दुकानदार आजोबा हसले. म्हणाले, ‘‘बाई, आधी हीच गिटार होती. मोठी नंतर आली.’’

आणि ते खरंच आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत गिटार हे बऱ्यापैकी बायकांचं वाद्य होतं. बऱ्या घरच्या मुली दिवाणखान्यात बसून ती वाजवायच्या, म्हणून त्या लहान गिटारींना आजही ‘पार्लर गिटार’ म्हणतात. जर्मनीहून १८३३मध्ये न्यूयॉर्कला आलेल्या सी. एफ. मार्टिन यांनी १८४३मध्ये मादाम द गोन्यी या स्पॅनिश वादक बाईंसाठी एक गिटार बनवली. तिच्या पोटात, वरच्या फळीच्या खालून, लाकडी पट्ट्या फुलीच्या आकारात लावलेल्या होत्या. अशी फुली असलेली मार्टिनची ही सर्वांत जुनी ज्ञात गिटार. आज जगातल्या बहुतेक लोखंडी तारांच्या गिटारींत तीच फुली असते.

पुढे गिटारीला बँजोच्या, बँडच्या गलक्यात ऐकू जायचं होतं, म्हणून तिचं अंग वाढत गेलं. अशाच एका मोठ्या घाटाला नाव पडलं ‘ड्रेडनॉट’, १९०६च्या ब्रिटिश युद्धनौकेवरून! म्हणजे सोळा वर्षं मी कुशीत युद्धनौका घेऊन बसले होते. खांदा दुखेल नाही तर काय?

भिंतीवरच्या दोन्ही गिटारी गिब्सन कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या. नाव एलजी-२. रुंदी सव्वाचौदा इंच. माझी साडेपंधराच्याही वर. त्यातली एक १९४३ची, कालामाझू या मिशिगनमधल्याच गावात बनलेली. दुसरी अलीकडची, मोंटाना राज्यातल्या बोझमनची. आजोबांनी दोन्हींवर एकाच जातीच्या नव्या तारा चढवून ठेवल्या होत्या. ‘‘नाहीतर तुम्ही तारांची तुलना कराल, गिटारींची नाही,’’ ते म्हणाले.

आधी जुनी घेतली. हातात धरल्या धरल्या कळलं, किती हलकी आहे! तार छेडली की स्वर लगेच हजर. वाट बघायला लावत नाही. आवाज कोरडा, लाकडी, मधल्या पट्टीत भरलेला. खर्ज घुमत नाही, पण स्वच्छ. सहा तारांचा झणत्कार केला तरी प्रत्येक तार वेगळी ओळखू यावी, पंगतीत प्रत्येक पदार्थाची चव वेगळी लागते तसं. स्वर मात्र लवकर विझतो. मग नवी घेतली. तिचा आवाज जास्त चकचकीत, वरच्या तारांना घंटेसारखी किणकिण, आणि आस लांब. पण सगळे स्वर एकमेकांत थोडे मिसळलेले. माझं मन तिथेच जुनीकडे झुकलं.

मग आजोबांनी जुनीची गोष्ट सांगितली आणि मी पुरतीच विरघळले.

दुसऱ्या महायुद्धात पुरुष लढाईवर गेले आणि कालामाझूच्या कारखान्यात बायका कामाला आल्या. लाकूड कापणं, पट्ट्या घासणं, चिकटवणं, तारा गुंडाळणं, सगळं बायकांनी केलं. कंपनी मात्र बाहेर सांगत राहिली की युद्धकाळात गिटारी बनवणं बंद होतं, कारखाना युद्धसामग्रीला दिला होता. प्रत्यक्षात त्या काळात पंचवीस हजारांच्या आसपास वाद्यं तिथून बाहेर पडली. त्यातल्या अनेक गिटारींच्या माथ्यावर एक लहानशी सोनेरी फीत रंगवलेली असते. ‘फक्त गिब्सनच पुरेशी चांगली’ अशा अर्थाचं वाक्य तिच्यावर लिहिलेलं. जुन्या गिटारींचे शौकीन आज ही फीत बघून जास्त पैसे मोजतात. पण ती बनवणाऱ्या बायकांचं नाव कित्येक दशकं कुणाला माहीत नव्हतं.

जॉन थॉमस नावाच्या कायद्याच्या एका प्राध्यापकाला कारखान्याच्या दारात उभ्या असलेल्या बायकांचा युद्धकाळातला एक फोटो मिळाला. त्याने त्यातल्या हयात असलेल्यांचा शोध घेतला, त्यांच्याशी बोलला आणि २०१३मध्ये ‘कालामाझू गॅल्स’ हे पुस्तक लिहिलं. आपल्या विद्यापीठात त्याने या गिटारींचे चक्क एक्स-रे काढले. त्याचं म्हणणं असं, की आधीच्या आणि नंतरच्या गिटारींपेक्षा या बायकांच्या हातच्या गिटारींमधलं आतलं काम जास्त नाजूक आहे. पट्ट्या जरा बारीक, जास्त घोटलेल्या.

आजोबांनी मला दाताच्या डॉक्टरांकडे असतो तसा छोटा आरसा आणि विजेरी दिली. गिटारीच्या तोंडातून आत डोकावून पाहिलं. पट्ट्यांच्या कडा अशा गुळगुळीत, की पुरणपोळीच्या कडा आठवाव्यात. गिऱ्हाईक जिथे कधी बघणार नाही, तिथेही हात फिरवलेला होता. माझे डोळे भरून आले. लेक म्हणाली, ‘‘झालं, घेतली म्हणायची!’’

पण आजोबा खरे माणूस. माल खपवायचा सोडून म्हणाले, ‘‘आता भिंतीकडे तोंड करून बसा.’’

ते वाजवणार, मी न बघता ओळखायचं. आधी दहा वेळा झणत्कार. मी पाच ओळखले. म्हणजे छापा-काटा केला असता तरी तेवढेच आले असते! मग एकेका तारेवर संथ धून. तिथे दहापैकी आठ बरोबर आले. चला, काहीतरी फरक आहे तर. शेवटी त्यांनी विचारलं, ‘‘ओळखू नका. नुसतं सांगा, कुठली आवडली?’’ सहा वेळा मी नवीला कौल दिला. मलाच खरं वाटेना.

घरी आल्यावर लेकीने शोधून दिलं, तेव्हा कळलं की यात मी एकटी नाही. क्लाउडिया फ्रिट्झ या फ्रान्समधल्या संशोधक बाईंनी २०१०मध्ये इंडियानापोलिस इथे एकवीस व्हायोलिनवादकांना वेल्डरचे काळे चष्मे लावून सहा व्हायोलिनं वाजवायला दिली होती. तीन नवी, तीन जुनी. जुन्यांत दोन साक्षात स्ट्रॅडिव्हेरियसची. सर्वांत जास्त पसंती मिळाली एका नव्या व्हायोलिनला. गिटारीवरचा प्रयोग इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठाचा, २०१८चा. सहा गिटारी एकसारख्या, फक्त पाठीचं आणि बाजूचं लाकूड वेगळं. त्यात महागडी ब्राझीलची शिसवी होती, आपल्याकडच्या सह्याद्रीत वाढते ती भारतीय शिसवी होती, साधं अक्रोडही होतं. बावन्न गिटारवादकांनी न बघता वाजवल्या. लाकडावरून त्यांना फारसा फरक सांगता आला नाही.

मग जुन्या वाद्याचा आवाज खुलतो म्हणतात, ते सगळं खोटं? तसंही नाही. मिरजेचा तंबोरा वाजता राहिला की बोलू लागतो, असं आपल्याकडेही म्हणतात. वर्षानुवर्षांत लाकडातली राळ कडक होते, लाकूड हलकं होतं, ओल कमी धरतं. हल्ली हेच काम कंपन्या भट्टीत करतात. प्राणवायू जवळजवळ नसलेल्या भट्टीत फळी भाजून काढतात, की नव्या गिटारीला जुनीचा आवाज यावा. थोडक्यात, भाजणी! शिवाय युद्धानंतर वरच्या फळीचं लाकूडही बदललं. पूर्वेकडचा लाल स्प्रूस दुर्मीळ झाला, पश्चिम किनाऱ्याचा सिटका स्प्रूस आला. आणि एक गोष्ट आपण विसरतो. आजीच्या वेळची पितळी भांडी भक्कम वाटतात, कारण जी तकलादू होती ती केव्हाच मोडीत गेली. गिटारींचंही तेच. बऱ्या होत्या त्या लोकांनी जपल्या.

दुसऱ्या दिवशी पुन्हा दुकानात गेले आणि यादी केली. जुनीची मान जाड, बॅटच्या मुठीसारखी. माझ्या लहान हाताला दहा मिनिटांत कळ लागली. युद्धात धातूची टंचाई होती, म्हणून हिच्या मानेत पीळ देऊन सरळ करता येणारी सळई नाही. पुण्याच्या पावसाळ्यात मान वाकली तर दुरुस्ती महागात जाणार. तारांखालची पट्टी ब्राझीलच्या शिसवीची. ते झाड १९९२पासून ‘साइटीस’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या सर्वांत कडक यादीत आहे. म्हणजे देशाबाहेर न्यायची तर आधी परवान्याची कागदपत्रं. आणि किंमत नवीच्या दुपटीहून जास्त. नवीची मान बारीक, सळईची सोय, आणि खांद्याला दोघी सारख्याच हलक्या.

मी नवी घेतली.

त्या रात्री झोप लागेना. त्या बायकांशी आपण बेइमानी केली असं काहीतरी वाटत राहिलं. ज्यांचं काम कंपनीने लपवलं, त्यांच्या हातची वस्तू समोर असताना मी सोय बघितली, पैसे बघितले. सकाळी चहा घेताना लेकीला हे बोलून दाखवलं. ती म्हणाली, ‘‘अगं, तू ती ओळखलीस ना? धून वाजली तेव्हा दहापैकी आठ वेळा? मग झालं तर.’’

तिचं म्हणणं पटलं. त्यांचं काम चांगलं होतं, एवढं पुरे आहे. ते जगात सर्वांत श्रेष्ठ ठरलं तरच त्यांना मान द्यायचा, हा कुठला न्याय? कालामाझूचा कारखाना १९८४मध्ये बंद झाला. गिटारी मात्र अजून वाजताहेत.

नवी गिटार आता पुण्यात आमच्या दिवाणखान्यात असते, अगदी नावाप्रमाणे. पावसाळ्यात पेटीत, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. रोज संध्याकाळी अर्धा तास वाजवते. खांदा खाली असतो, जागेवर. परवा मानेवरची तार बदलताना सहज आरसा आणि मोबाइलची बॅटरी घेऊन आत डोकावले. पट्ट्या ठीक आहेत, कडा जरा खरबरीत. पण एका कोपऱ्यात पेन्सिलीने कुणीतरी खूण केली आहे, एक लहानशी बरोबरची खूण. कुणाच्या तरी हातची. कुणाच्या, ते इथेही लिहिलेलं नाही.