स्वेटरवाल्यांचं गाव

दिवाळीच्या आसपास शहरांत रस्त्याकडेला तिबेटी स्वेटरवाल्यांची दुकानं लागतात. आमच्या इंदापूर तालुक्यातल्या अंथुर्ण्यासारख्या ऊसपट्ट्यातला माणूस स्वेटर घेताना त्यांना सहज ‘नेपाळी’ म्हणून मोकळा होतो. स्वेटर असतात लुधियानाचे, बहुतेक उधारीवर आणलेले. हंगाम संपला की व्यापाऱ्याचा हिशेब चुकता करायचा, अशी पद्धत.

या लोकांचं एक गाव महाराष्ट्रातच आहे. गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोठणगावजवळ इटियाडोह धरणाच्या परिसरात ‘नॉर्ग्येलिंग’ ही वसाहत १९७२ साली वसली. तेव्हा हा भाग भंडारा जिल्ह्यात होता, म्हणून तिबेटी लोक तिला अजून ‘भंडारा’च म्हणतात.

ही माणसं पूर्व विदर्भाच्या या झाडीपट्टीत पोहोचली ती तिबेटहून, साडेतीन हजार मीटरांहून उंच पठारावरून. १९५० साली चिनी फौजा पूर्व तिबेटात शिरल्या. पुढच्या वर्षी चीनशी सतराकलमी करार झाला. त्यात स्वायत्ततेचं आश्वासन होतं, पण ते काही पाळलं गेलं नाही. १० मार्च १९५९ला राजधानी ल्हासात उठाव झाला. १७ तारखेच्या रात्री दलाई लामा सैनिकाच्या वेशात बाहेर पडले आणि ३१ मार्चला भारतात आले. त्यांच्यामागून सुमारे ऐंशी हजार लोक आले. त्यांतल्या अनेकांनी आधी हिमालयात रस्ते बांधण्याची मजुरी केली आणि मग वसाहतींची वाट धरली.

याक राखणाऱ्या, सातू पिकवणाऱ्या या लोकांना विदर्भाच्या उन्हात भाताची रोवणी शिकावी लागली. त्यांचा ‘त्सांपा’ म्हणजे भाजलेल्या सातूचं पीठ. लोण्याच्या खारट चहात कालवून त्याचा गोळा करायचा नि खायचा. फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास येणाऱ्या लोसार या नववर्षाला घरोघर ‘खाप्से’ तळतात. मैद्याचे, गोडसर, पीळ घातलेले खाप्से शंकरपाळ्यांचे भाऊबंदच. थंडीभर म्हातारी माणसं आणि शाळकरी मुलं वसाहत सांभाळतात. स्वेटरवाले परततात ते लोसारच्या ओढीने.

भारत आणि तिबेटचं विद्येचं नातं तर फार जुनं. तिबेटी लिपी भारतीय लिपीवरून घडली आणि आठव्या शतकात शांतरक्षितांसारखे आचार्य तिकडे गेले. इथे हरवलेले ग्रंथ तिकडच्या मठांत जपले गेले. राहुल सांकृत्यायनांना तिबेटात सापडलेल्या पोथीवरून पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजचे प्रा. वा. वि. गोखले यांनी वसुबंधूच्या ‘अभिधर्मकोशा’च्या मूळ संस्कृत कारिका १९४६ साली प्रसिद्ध केल्या.

राजकारण मात्र अवघड जागेचं दुखणं आहे. १९५४च्या पंचशील करारात आणि पुन्हा २००३मध्ये भारताने तिबेट चीनचा भाग मानला, आणि तिबेटी लोकांना आश्रयही दिला. तिबेटी तरुणांचं खास दल १९६२मध्ये उभं राहिलं, १९७१च्या युद्धात ते चितगावच्या डोंगरांत लढलं. २ जुलै २०२५ला, नव्वदाव्या वाढदिवसाच्या तोंडावर, दलाई लामांनी जाहीर केलं की दलाई लामापदाची परंपरा चालू राहील आणि पुढचा वारस त्यांची संस्थाच शोधेल. बीजिंगला तो अधिकार स्वतःकडे हवा आहे. त्याच महिन्यात चीनने यारलुंग त्सांगपोवर, म्हणजे आपल्या ब्रह्मपुत्रेच्या वरच्या अंगाला, अवाढव्य जलविद्युत प्रकल्पाचं काम सुरू केलं.

वसाहतीतली जमीन भाडेपट्ट्याची. हातात नोंदणी दाखला, तोही मुदत संपली की नव्याने करून घ्यायचा. १९५० ते १९८७ दरम्यान भारतात जन्मलेल्यांना कायद्याने भारतीय नागरिकत्व मिळू शकतं. तरी अनेकांनी ते घेतलेलं नाही. परतायचं आहे, तर निर्वासित हे नाव का पुसायचं, हा त्यांचा हिशेब.

आमच्या इंदापूर तालुक्याला हे दुःख कळायला हवं. उजनी धरणाचं पाणी उतरलं की जुन्या पळसदेवचं देऊळ उघडं पडतं आणि उठून गेलेल्या गावचे लोक तिथे जाऊन पाया पडून येतात. नॉर्ग्येलिंगमध्ये जन्मलेल्या पोरांना आपला तिबेट भिंतीवरच्या, ल्हासाच्या ‘पोटाला’ महालाच्या चित्रातच बघावा लागतो.

यंदा स्वेटर घेताना एवढं तरी विचारावं: भंडाऱ्याचे का?